फटीतून येणारी झड आणि आवाज

भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि आषाढातली झड दाराखिडक्यांच्या फटींतून थेट घरात शिरते. आवाजही त्याच वाटेने येतो. भिंत कितीही जाड असो, तिच्या क्षेत्रफळाच्या 1 टक्का जरी फट उघडी राहिली, तरी आवाजात साधारण 20 डेसिबलपेक्षा जास्त घट मिळत नाही. म्हणून भिंतीवर खर्च करण्याआधी फट बुजवावी. त्यासाठी चौकटीच्या खाचेत बसणारी, चिकट पाठीची रबरी पट्टी पुरते. कुडाच्या भिंतींना शेणमातीने लिंपणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही.

पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाचा आवाज मात्र अशा पट्टीने थांबत नाही. तिथे छतालाच वजन हवे. ओलीत पट्टी सुटते, हा आक्षेप खराच, पण तो पट्टीवर नव्हे, ती लावण्याच्या वेळेवर आहे. वैशाखातच चौकट पुसून, कोरडी करून पट्टी लावावी; पावसाळ्यात लाकूड फुगते, तेव्हा दबणारी मऊ पट्टीच घ्यावी. आणि चूल किंवा कोळशाची शेगडी पेटते त्या खोलीतली धुराची वाट कधीही बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो.