जुनी लाँच घेताना



वडूजच्या बायका आज लाँचवर बोलणार म्हटल्यावर रेडिओच्या खोलीतली पोरं हसली. हसू द्यात. आपली येरळा चैत्रात कोरडी ठाक असते, तिथं कागदाची होडीसुद्धा तरत नाही. पण हीच येरळा खाली सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला जाऊन कृष्णेला मिळते. २०१९ च्या पुरात, ८ ऑगस्टला, त्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. डझनाहून जास्त जीव गेले, त्यात बाया आणि लेकरंही होती. कृष्णाकाठाला आपल्याही लेकी दिलेल्या आहेत. तेव्हापासून बोटीचा विषय निघाला की आमच्या गटात कुणी हसत नाही.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या लेकीचा फोन आला. तिला तापोळ्याच्या अंगाला दिलीय, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी. धरणाचं पाणी भरलं तशा तिकडच्या जुन्या वाटा बुडाल्या. पलीकडच्या तीरावर जायचं तर आजही लाँच सोयीची. तिच्या बचत गटाला एक जुनी लाँच घ्यायची होती, गावची माणसं न्यायला आणि सुट्टीत पर्यटकांना फिरवायला. "आई, तुमच्या गटाला कर्जाचं कळतं, तुम्ही या," म्हणाली. आम्ही कर्जाचं बघायला गेलो आणि लाँच शिकून आलो.

पहिली चूक आधी सांगतो. पोरींनी लाँच बघायच्या आधीच दहा हजार विसार देऊन टाकला होता. निळा रंग नवाकोरा, गाद्या नव्या, वर झालरीचं छत. आम्हीही भुललो. सोबत नात्यातले एक काका होते, त्यांचं आयुष्य लाँच चालवण्यात गेलेलं. ते म्हणाले, "पाण्यात उभी असलेली लाँच बघायची नसते. बाहेर काढा, मग बोलू."

पुसेगावच्या यात्रेत आपण बैल घेतो तेव्हा झूल बघून घेतो का? दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. तसंच हे. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं, तेव्हा लाँच काठावर घेणं सोपं जातं. मालक कुरकुरला, पण घेतली. काकांनी हातोडीनं बुडाचा पत्रा ठोकत नेला. चांगला पत्रा खणखणतो. मागच्या बाजूला आवाज बद्द यायला लागला आणि एका जागी पत्रा चक्क आत दबला. रंगाखाली पापुद्रे, पापुद्र्याखाली गंज. आतल्या फळ्या उचलल्या तर तळाला काळं पाणी, वर डिझेलचा तवंग. पत्रा बहुतेक आतूनच खाल्ला जातो, कारण तिथं पाणी साठून राहतं आणि कुणी बघत नाही. ती लाँच सोडली. विसार बुडाला तो बुडालाच. पोरी रडल्या. पण त्या पत्र्यावर वीस माणसं बसली असती, हे आठवलं की दहा हजार स्वस्त वाटतात.

दुसरी लाँच फायबरची मिळाली. फायबरला गंज नाही, पण त्याची दुखणी वेगळी. रुपयाच्या नाण्यानं टिचक्या मारत जायचं. पोकळ आवाज आला तर आतले थर सुटलेत. फोड आलेत का, बघायचं. इंजिन मागच्या फळीला टांगलेलं असेल तर ते धरून वरखाली हलवायचं. फळी लवली किंवा सांध्याला भेगा दिसल्या तर आतलं लाकूड कुजलंय.

इंजिन बघायला जाताना मालकाला आधीच सांगायचं, गरम करून ठेवू नका. गार इंजिन कसं सुरू होतं त्यातच सगळं कळतं. सुरू झाल्यावर पाण्याची धार बाहेर पडते का बघा. धार नाही म्हणजे इंजिनाला गारवा नाही. निळा धूर निघत राहिला तर ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, नाहीतर इंजिनावर ओझं जास्त. ऑइलची पट्टी बाहेर काढून बघा, दुधाच्या चहासारखा रंग असेल तर ऑइलात पाणी शिरलंय.

इंजिन आत बसवलेलं असेल तर पंख्याचा दांडा बुडातून बाहेर जातो. तिथं विहिरीवरच्या पंपासारखीच ग्लँडदोरी असते. आपल्याला ती ठाऊक आहे. लाँच चालताना थेंब थेंब पाणी आलं तर चालतं, धार लागली तर दोरी बदला. आणि दांड्याला जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलाय का ते दर आठवड्याला बघा. शिवसागरात मासेमारी होते. तो दोरा आत शिरून सील कापतो.

कागदाचं थोडक्यात. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली देशातल्या नद्या-जलाशयांतल्या बोटींसाठी नवा कायदा झाला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी लागते, तपासणीचा दाखला लागतो, विमा लागतो. दाखल्याची मुदत बघा आणि माणसं किती बसवायची तो आकडा बघा. "करून देतो नंतर" म्हणणाऱ्याला पैसे नंतरच द्या.

आता लाँच पोरींच्या ताब्यात आहे. देखभालीला एक वही केलीय. सकाळी फळी उचलून तळाचं पाणी उपसायचं, किती डबे निघाले ते लिहायचं. रोज दोन निघणारे एकदम सात निघाले तर त्या दिवशी लाँच बंद. पेट्रोलचं इंजिन असेल तर सुरू करण्याआधी वास घ्यायचा, कारण पेट्रोलची वाफ तळाशी बसते आणि एका ठिणगीनं भडका उडतो. पावसाळ्यात ताडपत्री, कारण गोड्या पाण्यातल्या बोटीचं लाकूड खालच्या पाण्यापेक्षा वरून झिरपणाऱ्या पावसानं जास्त कुजतं. लाइफ जॅकेट वर्षातून एकदा अंगात घालून कमरेएवढ्या पाण्यात शिरायचं, ते उचलतं का बघायचं. पोरींनी बघितलं तेव्हा तीन जॅकेटं दगडासारखी निघाली. ती कापून टाकली, म्हणजे कुणी परत वापरायला नको. लहान मुलांची वेगळी घेतली.

लाँचच्या पुढच्या अंगाला तिनं पांढऱ्या रंगात आकडा लिहून घेतलाय, १८. मागच्या तुळशीच्या लग्नानंतरच्या सराईत तिच्याच सासरचं वऱ्हाड आलं, तेवीस जण. सासरे पुढं, आहेराची ट्रंक मागं. तिनं पाच जणांना काठावर उतरवलं आणि दुसरी खेप केली. सासरे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताडपत्री बांधायला तेच आले.