बंद पडलेले वाहन ओढून नेताना

(धाराशिव जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर रस्ता सुरक्षेविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रस्ता सुरक्षेवर बोलावयाचे म्हटले की वेग, मद्यपान आणि शिरस्त्राण हे तीन विषय ठरलेले असतात. त्यांचे महत्त्व मी नाकारीत नाही. परंतु आज मी ज्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधणार आहे, ती रोज आपल्या डोळ्यांसमोर घडते आणि म्हणूनच कोणास विशेष वाटत नाही. बंद पडलेले वाहन दुसऱ्या वाहनाच्या मागे बांधून ओढून नेणे, म्हणजे आपले चालक ज्याला ‘टोचन’ म्हणतात, तो हा विषय होय.

सोलापूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ आपल्या जिल्ह्यात नळदुर्ग, उमरगा या गावांवरून जातो, तर क्रमांक ५२ चा महामार्ग सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी असा बीडकडे जातो. या रस्त्यांवर पिकअप हे आता शेतकऱ्याचे वाहन झाले आहे. भूम भागातील खवा, बाजारच्या शेळ्या, कांदा, सोयाबीन, सारे त्यातूनच जाते. असे वाहन गावापासून शंभर किलोमीटरवर बंद पडले, की मालक परतीच्या वाटेवरील एखादा भाड्याचा ट्रक गाठतो, दोन-तीन हजारांत सौदा ठरतो, नायलॉनचा दोर बांधला जातो आणि दिवेलागणीस ही जोडगोळी गावाकडे निघते. क्रेनचे भाडे वाचले, एवढाच विचार त्यामागे असतो.

कायद्याचा दृष्टिकोन याहून निराळा आहे. १९८९ च्या रस्ता वापराच्या नियमांनी याबाबत स्पष्ट मर्यादा घातल्या होत्या. ओढावयाचे वाहन यांत्रिक बिघाडाने निकामी झालेले असावे आणि ते जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंतच न्यावे. त्याच्या सुकाणूवर परवानाधारक चालक बसलेला असावा, नाहीतर त्याची पुढील चाके क्रेनने उचललेली असावीत. दोन्ही वाहनांमधील अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नसावे आणि वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. २०१७ साली या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली, तरी त्यामागील विचार बदललेला नाही. उमरग्याहून सोलापूर नव्वद किलोमीटरहून दूर आहे. ताशी २४ च्या गतीने तेथे पोहोचावयास जवळजवळ चार तास लागतील. चार तास एवढ्या संथपणे ट्रक चालविणारा चालक मला तरी भेटलेला नाही. दूरच्या पल्ल्याचे दोरावरील टोचन नियमात बसत नाही ते यासाठी.

ही मर्यादा इतकी कडक का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. शिक्षकबंधूंनी ते वर्गात फळ्यावर अवश्य सोडवून घ्यावे. ताशी २४ किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात साडेसहा मीटरहून अधिक अंतर कापते. पुढच्या ट्रकने ब्रेक लावल्याचे दिसून मागच्या चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो आणि मधले अंतर तर पाचच मीटर! म्हणजे कायद्याने मान्य केलेल्या वेगातही पाहून ब्रेक लावणाऱ्यास उशीर होऊ शकतो. ताशी ६० च्या वेगात त्याच एका सेकंदात सोळा मीटरहून अधिक अंतर जाते. म्हणून पुढच्या चालकाने थांबण्यापूर्वी बरेच आधी हाताने खूण करावी आणि ब्रेक प्रथम मागच्याने लावावा. दोर सदैव ताणलेला ठेवणे हे मागच्या चालकाचे मुख्य काम आहे. दोर एकदा सैल पडून चाकाखाली गेला की पुढच्या हिसक्याला तो तुटतो. ताण खाल्लेला नायलॉनचा दोर तुटताना चाबकासारखा उलटतो, त्यामुळे वाहन सुरू करताना जवळपास कोणी उभे राहू नये.

मागच्या चालकाच्या हाती असलेले साधनही अधू झालेले असते, हे अनेकांना ठाऊक नसते. इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य एक-दोनदा पाय दाबताच संपते. त्यानंतर ब्रेक दगडासारखा कठीण लागतो. सुकाणू जड होते आणि किल्ली काढून घेतली असल्यास ते वळणावर अडकूनही बसते. शिवाय आपल्याकडील बहुतेक पिकअपची मागील चाके इंजिनाशी जोडलेली असतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ओढली तरी मागच्या चाकांबरोबर गिअर बॉक्समधील एक दांडा फिरत राहतो. तेल उडविणारी चक्रे मात्र थांबलेली असतात. दहा-पाच किलोमीटरला हे चालून जाते. लांबच्या प्रवासात बेअरिंग कोरडे पडून जळते आणि क्रेनचे वाचविलेले भाडे मिस्त्रीच्या दुकानात दामदुपटीने मोजावे लागते. अशा गाडीची मागील चाके उचलून न्यावीत, आणि पुढची उचलावयाची असल्यास प्रॉपेलर शाफ्ट सोडवून घ्यावा.

बालाघाटच्या उतारावर हा प्रश्न आणखी बिकट होतो. तुळजापूरचा घाट सोलापूरकडे उतरताना दोराला काही अर्थच उरत नाही, कारण मागचे वाहन आपल्या वजनाने पुढच्यावर धावून येते. घाटात लोखंडी दांडीच हवी, आणि तीही मागचे ब्रेक चांगले असतील तरच. नवरात्रात आणि कोजागरीच्या सुमारास याच रस्त्याने हजारो भाविक पायी तुळजापुरास येत असतात. त्या दिवसांत रात्रीचे टोचन कोणीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र या दोन वाहनांत बसलेल्यांना नसतो. तो असतो तिऱ्हाईताला. अंधारात दोन वाहने स्वतंत्र समजून दुचाकीस्वार त्यांच्या मधून वाट काढतो. दोर त्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. महामार्गालगतच्या शाळा सुटतात तेव्हा मुलेही असेच करतात. ट्रक गेला की ती धावतात. शाळेत शिकवावयाचे वाक्य एवढेच, की ट्रक गेल्यावर त्याच्यामागे काही बांधलेले आहे का हे पाहूनच पाऊल टाकावे. आणखी एक. बंद गाडीच्या चाकाखाली लावलेले दगड निघताना रस्त्यावरच सोडून जाण्याची आपली सवय निव्वळ बेपर्वाईची आहे.

मग शंभर किलोमीटरवरील पिकअप आणावयाची कशी? भाड्याचा ट्रकच घ्यावा, पण पिकअप त्याच्या मागे न बांधता त्याच्या हौद्यात चढवावी. मोठ्या पिकअपची लांबी पाच मीटरच्या आसपास असते. चौदा फुटी हौदा सव्वाचार मीटरचा, त्यात ती मावत नाही. म्हणून टेप लावल्याशिवाय सौदा करू नये. बाजार समितीत वा कारखान्यावर माल चढविण्याचा धक्का असल्यास तेथून, अन्यथा क्रेनने गाडी चढवावी. हौदा आधी रिकामा करावा. आत गाडी गिअरमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा, चारही चाकांना लाकडी ठोकळे लावून ते खिळ्यांनी पक्के करावेत. दोर बंपरला न बांधता आसाला व चेसिसला चारही कोपऱ्यांतून बांधावेत आणि पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळावेत, कारण स्प्रिंगा दबल्या की ते ढिले पडतात. दोन्हींची मिळून उंची मोजून ठेवावी. गावातील विजेच्या तारा फार खाली लोंबतात.

विम्याचीही एक बाजू आहे. वाणिज्य वाहनाच्या प्रमाणित विमापत्रात एक निकामी वाहन ओढण्यास मुभा असते, परंतु ती मोबदला न घेता ओढण्यापुरतीच. पैसे घेऊन टोचन करणाऱ्या ट्रकमालकाचा दावा अपघातानंतर वादात सापडू शकतो आणि जखमीच्या कुटुंबाची फरपट होते.

ग्रामपंचायतींना यात करता येण्याजोगे थोडेच, पण उपयोगाचे आहे. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीचा १०३३, आपत्कालीन ११२ आणि जवळच्या क्रेनवाल्याचा दूरध्वनी क्रमांक बसथांब्याच्या भिंतीवर रंगवावा. कार्यालयात लाल कापडी झेंड्या, परावर्तक पट्टी आणि एक फलक ठेवून गरजूस तो उसना द्यावा. ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या मागे पांढऱ्या पृष्ठभागावर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ हे इंग्रजी शब्द हवेत, असे १९८९ चे नियम सांगत. त्याच फलकावर खाली ‘टोचन’ हा शब्दही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावा. मागून दुचाकीवर येणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास तो आधी वाचता येईल.