चामखीळ गेली, पण गुण कुणाचा?

लासूर स्टेशनसारख्या गावच्या आठवडी बाजारात जडीबुटीवाल्याच्या पथारीवर चामखिळीचे औषध आणि टकलावरचे तेल शेजारीशेजारी मांडलेले असते. चामखिळीला गुण आलेला लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो आणि त्याच भरवशावर तेलही खपते. मला वाटते, हा भरवसाच आधी तपासायला हवा. चामखीळ विषाणूमुळे होते. इटलीच्या चुफो यांनी 1907 मध्ये चामखिळीचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून टोचला, तरी नवी चामखीळ उगवली. हा विषाणू कातडीच्या वरच्या थरातच दडून राहतो, म्हणून शरीराला त्याचा सुगावा उशिरा लागतो. लागला की बहुतेकदा शरीरच त्याचा निकाल लावते. मुलांच्या निम्म्याहून अधिक चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप झडतात. तेवढ्या काळात घोड्याचा केस बांधा, चुना लावा नाहीतर नवस बोला, नाव त्याचेच होते.

टकलाचे तसे नाही. अमेरिकेच्या जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवले, की वयात येण्याआधी अंडकोष गेलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पण घराण्यात टक्कल असेल आणि पुरुषी संप्रेरक दिले, तर पडते. संप्रेरकामुळे केसाचे मूळ हळूहळू बारीक होत जाते; कपाळावर बोट फिरवले, तर जाड केसांच्या जागी मऊ लव लागते. हे आपोआप मागे फिरत नाही. तेलाने केस आलेले आम्ही पाहिले, असे कुणी म्हणेल. पाहिले असतील, पण ती बहुधा चाई असते, नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, आणि चाई पुष्कळदा स्वतःहूनच भरते. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे: शहरात डॉक्टरकडे जायचे म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी. पण चामखिळीची वाट पाहायला पैसा लागत नाही. ती जाळायला लावलेल्या बिब्ब्याने भाजलेल्या कातडीला मात्र लागतो. मधुमेह असेल तर पायाच्या चामखिळीला घरी हातच लावू नये. टकलावर मिनॉक्सिडिल हे औषध लवकर सुरू केले तर अनेकांची गळती मंदावते, थांबवले की परिणाम ओसरतो. म्हणून तेलापायी गेलेली वर्षे पैशापेक्षा महाग पडतात. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग आहे. भांग रुंदावू लागलेल्या बाईने तिथे पाळीच्या तक्रारीही न लाजता सांगाव्यात, कारण दोन्हींचे मूळ एकाच संप्रेरकाच्या बिघाडात असू शकते.