लांब शब्दाची पेरे



आज आपण लांबलचक इंग्रजी शब्दांविषयी बोलू.

आमच्या शेजारच्या काकू साक्षरता वर्गात वाचायला शिकल्या. एकदा नातू तापाने फणफणला. त्याला घेऊन त्या एका मोठ्या दवाखान्यात गेल्या. खिडकीवर पाटी होती, 'रजिस्ट्रेशन'. अक्षरे सगळी ओळखीची. पण शब्दाची लांबी पाहूनच काकूंची छाती दडपली. कोणाला विचारायची लाज वाटली. त्या भलत्याच रांगेत दोन तास उभ्या राहिल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "गुरुजी, वाचता येतं म्हणून मिरवत होते. आज पोराचे हाल केले."

मी म्हटले, "काकू, ऊस अख्खा कोणी तोंडात घालतं का? पेरापेरावर मोडायचा, मग खायचा. शब्दाचंही तसंच."

हनुवटीखाली हात धरा. शब्द सावकाश बोला. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल, तितके तुकडे. र-जि-स्ट्रे-शन. झाले की नाही चार?

आता दुसरी गोष्ट. मराठीत आपण सगळे तुकडे जवळजवळ सारख्या जोराने बोलतो. इंग्रजीत एका तुकड्यावर जास्त जोर पडतो. तो चुकला तर इंग्रजी बोलणाऱ्याला शब्द पटकन उमगत नाही. कधी अर्थही बदलतो. 'परमिट'मध्ये 'पर'वर जोर दिला, तर परवान्याचा कागद. 'मिट'वर दिला, तर परवानगी देणे.

एक सोपी खूण सांगतो. शेवटी 'शन' आले, की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर. स्टेशनमध्ये 'स्टे'वर. इंजेक्शनमध्ये 'जेक्'वर. ऑपरेशनमध्ये 'रे'वर. बाकी शब्दांचे मात्र निरनिराळे असते. डॉक्टर, हॉस्पिटल यांत पहिल्या तुकड्यावर जोर. कंडक्टरमध्ये मधल्या.

आपापसांत मराठी बोलताना हे शब्द आपल्याच वळणाने बोला. त्यात कमीपणा नाही.

पुढे काकू नातवाला लस टोचायला घेऊन गेल्या. पाटी होती 'व्हॅक्सिनेशन'. काकूंनी हनुवटीला हात लावला. व्हॅक्-सि-ने-शन. मला सांगताना म्हणाल्या, "लोक बघत होते, गुरुजी. बघू देत. रांग तर बरोबर होती!"

आता तुमची पाळी. एस.टी. स्टँडवर 'रिझर्व्हेशन' अशी पाटी असते. तुकडे किती? जोर कुठे? उद्या वर्गात सांगा.