सुईआधी ताट
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक अंगणवाडी सेविका आल्या. वय अडतीस. तक्रार एकच. "डॉक्टर, अंगात त्राणच राहिलं नाही. जिना चढले की धाप लागते, संध्याकाळी कणीक मळायला घेतली की रडू येतं." शक्तीच्या सुया मिळतात, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मी मुळात ॲलोपॅथीचा डॉक्टर. ॲक्युपंक्चर नंतर शिकलो, आणि त्या दिवसांत नव्या विद्येचा उत्साह दांडगा होता. मी त्यांना सहा वेळा सुया लावल्या. दर वेळी त्या म्हणायच्या, "आज बरं वाटतंय." सातव्या वेळी मी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन निघालं ७.४. पहिल्या दिवशी करायची तपासणी मी तीन आठवडे उशिरा केली होती. ती चूक माझी होती, आणि आज जे बोलणार आहे ते सगळं त्या चुकीपासून सुरू होतं.

ॲक्युपंक्चरच्या या विद्येशी आपलं नातं तसं जुनं आहे. १९३८ साली काँग्रेसने युद्धग्रस्त चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. बी. के. बसू होते. कोटणीस शल्यविशारद. ते तिकडेच राबले आणि १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच गेले. सुयांची विद्या भारतात आणली ती त्यांच्या सोबत्याने. डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात ही चिकित्सा करू लागले. सोलापूरच्या माणसांनी हे नातं विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

आता थकव्याचा बिंदू. चिनी शास्त्रात शरीरावर ३६१ मुख्य बिंदू सांगितले आहेत. त्यातला 'झूसानली' शक्तीसाठी सर्वांत नावाजलेला. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या हाडापासून बोटभर बाहेर. ही बोटं मोजायची ती रुग्णाची, वैद्याची नव्हे. आपल्या आयुर्वेदातही माणसाचं शरीर त्याच्याच अंगुलांनी मोजतात, तशीच ही रीत. 'झू' म्हणजे पाय आणि 'सानली' म्हणजे तीन ली. ली हे अंतराचं माप, साधारण अर्धा किलोमीटर. हा बिंदू चेपला की थकलेला वाटसरू आणखी तीन ली चालतो, अशी तिकडची समजूत. वारीच्या वाटेवर पायांना तेल चोळून घेतलेल्या माणसाला ती पटकन पटेल.

समजुतीपलीकडे काही आहे का? आहे. २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात उंदरांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. मागच्या पायावरच्या याच बिंदूवर सुईतून सौम्य वीजप्रवाह दिला, तेव्हा ठरावीक मज्जातंतूंमधून मेंदूपर्यंत आणि तिथून ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत संदेश गेला आणि शरीरातला दाह कमी झाला. पोटावरच्या बिंदूवर तसाच प्रवाह देऊन तो परिणाम मिळाला नाही. म्हणजे सुई कुठे टोचली याला काही अर्थ आहे. पण उंदराचा दाह कमी होणं आणि माणसाच्या रक्तात लोह वाढणं यांत फार मोठं अंतर आहे. ते अंतर मी त्या बाईंच्या बाबतीत तीन आठवडे विसरलो होतो.

असं विसरणारा मी एकटा नाही. १९७१ च्या जुलैत 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. परत आल्यावर अमेरिकेत बोलबाला झाला की त्यांची शस्त्रक्रिया सुयांच्या भुलीवर झाली. रेस्टन यांनी स्वतः तसं लिहिलंच नव्हतं. भूल नेहमीच्या इंजेक्शनने दिली होती. नंतर पोटात वायू धरला तेव्हा उजव्या कोपराला आणि दोन्ही गुडघ्यांखाली सुया लावल्या, आणि त्यांना आराम पडला. एवढंच घडलं होतं. सुईने जेवढं केलं तेवढंच सांगितलं असतं, तर ॲक्युपंक्चरची अब्रू आज अधिक असती.

मग सुई माणसात नेमकं किती करते? २००७ मध्ये जर्मनीतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. पाठदुखीचे ११६२ रुग्ण. खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना फरक पडला. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. औषधं आणि व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. हे आकडे दोन्ही बाजूंना अडचणीचे आहेत. सुयांनी दुखणं कमी होतं, हे खरं. त्यात बिंदूचा वाटा थोडा आणि टोचण्याचा, विश्वासाचा, अर्धा तास शांत पडून राहण्याचा वाटा मोठा, हेही खरं. माझ्या बाईंना "आज बरं वाटतंय" असं का वाटत होतं, ते मला या आकड्यांनी समजावलं. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची वजनं घेणाऱ्या त्या बाईला माझ्या दवाखान्यात अर्धा तास आडवं व्हायला मिळत होतं.

खुद्द चीनमध्ये सुईला कधी एकटं ठेवलेलं नाही. सातव्या शतकातले वैद्य सुन सिमियाओ यांनी आहारचिकित्सेवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. आजार आधी अन्नाने हटवून पाहावा, अन्नाने हटला नाही तरच औषधाकडे वळावं, असं ते सांगतात. रातांधळेपणावर ते यकृत खायला देत. त्यात 'अ' जीवनसत्त्व असतं, हे जगाला कळायला पुढे हजाराहून अधिक वर्षं जायची होती.

म्हणून आता ताटाकडे या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय आढळला. या मंडपात ज्या भगिनी बसल्या आहेत, त्यांनी शेजारणीकडे पाहावं. दोघींतली एक. आणि घरोघरी उपाय काय चालतो? बीट. रंग लाल म्हणून रक्त वाढेल, हा हिशेब चुकीचा आहे. बिटात लोह अगदी थोडं. पालकात लोह आहे, पण ते अंगी फारसं लागत नाही. त्यापेक्षा बाजरी, हळीव, मोड आलेली मटकी, हरभरा यांच्याकडे वळा. कडधान्याला मोड आले की लोह अडवून धरणारी द्रव्यं कमी होतात, ही आपल्या आज्यांची रीत शास्त्राला धरून होती. वर लिंबू पिळा, किंवा जेवणासोबत पेरूच्या दोन फोडी घ्या. पेरूत संत्र्याच्या चौपट 'क' जीवनसत्त्व असतं आणि ते लोह शोषायला मदत करतं. मांस-मासे खाणाऱ्यांना हे काम सोपं, कारण त्यातलं लोह सहज अंगी लागतं.

आणि चहा. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटू शकतं. चहा सोडा असं मी म्हणत नाही. जेवणानंतर तासभर थांबा.

बाजरीचं एक उदाहरण मुद्दाम सांगतो. 'धनशक्ती' हा जास्त लोहाचा बाजरीचा वाण इक्रिसॅट ही शेती संशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून आला. आपल्याच ग्रामीण महाराष्ट्रात शाळकरी मुलांना अशा बाजरीची भाकरी रोज दोन वेळा देऊन अभ्यास झाला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लोहाची कमतरता असलेल्या मुलांमध्ये ती सहा महिन्यांत भरून निघण्याचं प्रमाण, साधी बाजरी खाणाऱ्यांच्या तुलनेत, १.६४ पट होतं. औषधाची गोळी नाही, सुई नाही, भाकरी. या संशोधनाची चर्चा गावोगावच्या पारावर व्हायला हवी होती.

शाकाहारी मंडळींसाठी आणखी एक. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने ४४१ पुरुषांची तपासणी केली. त्यांतल्या ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होतं. हे जीवनसत्त्व कोणत्याही भाजीत, फळात, धान्यात नाही. दुधादह्यात आहे, अंड्यात आहे, मांस-मासळीत आहे. चहात घातलेल्या चमचाभर दुधाने भागत नाही. मुंग्या येणं, विसरणं, चालताना तोल जाणं यांना वयाच्या खात्यावर टाकू नका.

त्या अंगणवाडी सेविकांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. मी सुया थांबवल्या आणि त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गर्भाशयात गाठ होती, दर महिन्याला अतोनात रक्त जात होतं. तिच्यावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. घरात त्या सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खात. त्यांच्या नवऱ्याला मी दवाखान्यात बसवून सांगितलं, भाकरी एकत्र बसून खायची. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झालं. त्यानंतर त्या परत आल्या त्या मानदुखी आणि तुटक झोपेसाठी, आणि तिथे सुयांनी चांगलं काम केलं. सुईची जागा ती आहे. दुखणं, डोकेदुखी, केमोथेरपीनंतरची मळमळ, अशा ठिकाणी मी आजही विश्वासाने सुई हातात घेतो.

घ्यायची तर नीट घ्या. महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. समोरच्याची नोंदणी आहे का, ते विचारा. सुई नवी, तुमच्या डोळ्यांदेखत पाकीट फोडून काढलेली हवी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल तर आधी सांगा. आणि थायरॉइडची, रक्तदाबाची, साखरेची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून सुयांसाठी बंद करू नका.

शेवटची विनंती घरच्या पुरुषांना आहे. आज घरी गेल्यावर बायकोला, आईला, सुनेला विचारा, "तुझं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं होतं?" तिला आठवलं नाही, तर उद्या सकाळी तिला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे ही तपासणी होते.