लेकरू बोलत नाही, त्यात आईचा काय दोष?



दर वेळी मी इथे बचतीचं, कर्जफेडीचं, ग्रामसंघाच्या बैठकीचं बोलते. आज मात्र मी काही लेकरांबद्दल बोलणार आहे, आणि त्यांच्या आयांबद्दलही.

गटाच्या कामासाठी गावोगाव फिरताना असं एखादं लेकरू दिसतं. त्याचे कान चांगले असतात, पण नावाने हाक मारली तर ते वळून पाहत नाही. सायकलचं चाक फिरवत तासभर बसतं. बोललंच तर आपलंच वाक्य आपल्याला परत करतं. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून किंचाळतं. गाव त्याला येडं म्हणतं, कोणी म्हणतं बाहेरचं लागलं. आणि घरात बोट आईकडे वळतं. पोटुशी असताना तू हे खाल्लंस, ग्रहणात बाहेर पडलीस, लेकराला टाकून तेंदूपत्त्याला गेलीस, म्हणून असं झालं.

याला मराठीत स्वमग्नता म्हणतात आणि डॉक्टर ऑटिझम म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दर शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल असं असतं. म्हणजे ही लेकरं शहरात आहेत, परदेशात आहेत, तशी आपल्या जंगलातल्या गावांतही आहेत.

आईला दोष द्यायचं काम फक्त अडाणी माणसांनी केलं असं समजू नका. मोठ्या शिकलेल्यांनीही ते केलं. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अशा ११ मुलांचं वर्णन पहिल्यांदा नीट लिहून काढलं. हे जन्मापासूनचं असावं असं त्यांनी त्यात म्हटलं होतं. पण या मुलांचे आईबाप मायेने कोरडे वाटतात, असंही लिहिलं होतं. लोकांनी नेमकं तेच धरून ठेवलं. पुढे ‘फ्रिजसारखी थंड आई’ असा शब्दच निघाला. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने ही समजूत आणखी पसरवली. आईची माया कमी पडली म्हणून लेकरू असं झालं, हे तिकडच्या आयांनी वर्षानुवर्षं ऐकून घेतलं.

ही समजूत खोटी ठरवणाऱ्यांत एक बाई आहेत. त्यांचं नाव ऊटा फ्रिथ. १९४१ साली जर्मनीत जन्मल्या, मानसशास्त्र शिकल्या आणि पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या. तिथे त्यांना अशी मुलं पहिल्यांदा भेटली. दिसायला गोंडस, काही कामांत हुशार, पण माणसांत मिसळत नाहीत. हे कोडं काय आहे, या ध्यासात त्यांचं आयुष्य गेलं. १९६८ साली याच विषयावर त्यांनी पीएच.डी. केली. आईने काय चूक केली, हे त्यांनी विचारलं नाही. या लेकराचं डोकं काम कसं करतं, हे त्यांनी विचारलं.

त्यांचा एक प्रयोग सांगते, तो आपल्या अंगणातल्यासारखा आहे. १९८५ साली त्यांनी सायमन बॅरन-कोहेन आणि ॲलन लेस्ली या दोघांबरोबर तो केला. दोन बाहुल्या घेतल्या, सॅली आणि ॲन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्यामागे ॲन ती गोटी काढून डब्यात लपवते. सॅली परत आली. आता ती गोटी कुठे शोधेल? आपण लगेच म्हणू, टोपलीत. कारण तिच्यामागे काय झालं हे तिला ठाऊक नाही. चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं हेच सांगतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ मुलांनीही बरोबर सांगितलं. पण स्वमग्न असलेल्या २० पैकी १६ मुलांनी डब्याकडे बोट दाखवलं. गोटी जिथे खरोखर आहे, तिथेच.

म्हणजे प्रश्न हुशारीचा नव्हता. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय, हे आपल्याला न शिकवता कळतं, ते या मुलांना सहज कळत नाही. म्हणून ती उद्धट वाटतात, कोरडी वाटतात. त्यांना माया नसते असं मात्र नाही. आणि २० पैकी ४ मुलांनी बरोबर सांगितलं होतं, हेही लक्षात ठेवा. सगळी लेकरं एकाच साच्यातली नसतात.

दुसरी बाजूही त्यांनी दाखवली. १९८३ साली अमिता शाह यांच्याबरोबर केलेल्या अभ्यासात, मोठ्या चित्रात लपलेला छोटा आकार शोधायला दिला, तेव्हा स्वमग्न मुलं इतरांपेक्षा सरस ठरली. आपण अख्खं झाड पाहतो, त्यांना आधी पान दिसतं. धान्यातला खडा कदाचित तेच लेकरू आपल्याआधी वेचेल.

पुढे मेंदूचे फोटो काढणारी यंत्रं आली. पडद्यावर दोन त्रिकोण फिरतात, एक दुसऱ्याला चिडवतो, मनवतो, अशी छोटी फिल्म फ्रिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना दाखवली. स्वमग्न माणसांच्या मेंदूतला पाहण्याचा भाग चांगला काम करत होता. पण दुसऱ्याचं मन ओळखणाऱ्या भागांपर्यंत निरोप कमी पोचत होता. हा अभ्यास २००२ सालचा. त्याआधी १९७७ मध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला होता. एकाला स्वमग्नता असली तर दुसऱ्यालाही आहे, असं एकसारख्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत आढळलं. वेगवेगळ्या दिसणाऱ्या १० जोड्यांत एकही नाही. म्हणजे मूळ बरंचसं जन्माआधीच पडलेलं असतं. ग्रहण, नजर, तेंदूपत्ता यांचा काही संबंध नाही. लसीचाही नाही. लसीवर संशय घेणारा १९९८ सालचा लेख छापणाऱ्या नियतकालिकाने २०१० मध्ये स्वतःच मागे घेतला. तेव्हा लसीकरणाचा दिवस चुकवू नका.

आता तुम्ही म्हणाल, लंडनच्या बाईंचं ऐकून आम्ही काय करायचं? तर गोव्याकडे बघा. तिथल्या ‘संगथ’ संस्थेच्या डॉ. गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांबरोबर काम केलं. तज्ज्ञ डॉक्टर थोडे, म्हणून त्यांनी साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवलं. कार्यकर्ती घरी जायची. आई लेकराशी खेळताना छोटा व्हिडिओ काढायची. मग दोघी मिळून तो बघायच्या. लेकराने कुठे पाहिलं, आई कुठे थांबली, कुठे तिने त्याच्या पाठोपाठ बोललं. चुका काढायच्या नाहीत, जे जमलं तेच दाखवायचं. सहा महिन्यांत १२ बैठका. २०१६ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत दिसलं की आया लेकराच्या कलाने बोलू लागल्या आणि लेकरं स्वतःहून आईशी संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं नाही, दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमणं उलट थोडं कमी झालं. पण जे जमलं, ते घरच्या ओट्यावर जमलं.

हे आपल्याला नवीन वाटायला नको. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायांना नवजात बाळांची काळजी शिकवली. ३९ गावांत बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ साली जगाने ते वाचलं. कमी शिकलेल्या बायांना हे झेपणार नाही, असं तेव्हाही लोक म्हणत होते.

आमच्या एका गटात एका बाईने दहा हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, लेकराचं बाहेरचं काढायचंय. सासू म्हणते तू बैठकांना जातेस म्हणून तो बोलत नाही. ती तीन बैठका आलीच नव्हती. गटातल्या बाया खूप वेळ बोलल्या. देवाला नारळ फोडायला कोणी नाही म्हटलं नाही. पण कर्ज उताऱ्यासाठी नको, जिल्ह्याला जाण्यायेण्यासाठी आणि मजुरी बुडेल त्यासाठी, असं ठरलं. एक बाई सोबत जायला तयार झाली. आशाताई सासूशी बोलल्या. लेकरू आज घडाघडा बोलतं असं मी सांगणार नाही. पण पाणी हवं असलं की आईचा हात धरून माठाकडे नेतं, आणि आई पुन्हा बैठकीला येते.

तर काय करायचं? वर्षाचं लेकरू नावाला वळून बघत नसेल, दीड वर्षाचं झालं तरी बोटाने काही दाखवत नसेल, शिकलेले शब्द विसरत असेल, तर ‘मोठं झाल्यावर बोलेल’ म्हणून थांबू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांना दाखवा. ते पुढे जिल्ह्याला पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचा दाखला आणि युडीआयडी कार्ड निघू शकतं. ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. हे मुळापासून बरं करणारं औषध कुठेच नाही, तसं सांगून पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा.

घरी लेकराच्या पातळीवर खाली बसा. ते चाक फिरवत असेल तर तुम्हीही फिरवा, एकच शब्द बोला, आणि वाट बघा.

आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत हजेरी घेताना, न येणाऱ्या बाईच्या घरी कोणीतरी जा. दंड मागायला नको. तिचं काय चाललंय, ते विचारायला जा.