फुलांचे तेल आणि श्रमाचे मोल

युनियनचा माणूस फुलांवर काय बोलणार, हा प्रश्न मला कित्येकांच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. माझे रसायनशास्त्र वाचनालयातले, कॉलेजातले नव्हे. पण सातारा-सांगलीकरांना हा विषय परका नाही. कृष्णाकाठची निर्गुडी आपण चुरगळून हुंगतो. कासच्या पठारावर जांभळी मंजिरी फुलते. ज्या झाडापासून पॅचौलीचे तेल काढतात, त्याच कुळीची ती.

हा वास म्हणजे काय? पाच कार्बन अणूंचा एक सांगाडा घ्या. असे दोन जोडले की दहा कार्बनांचे, तीन जोडले की पंधरा कार्बनांचे द्रव्य होते. यांना टर्पीन म्हणतात. या द्रव्यांचा छडा लावण्यात ओटो वालाख या जर्मन शास्त्रज्ञाने उमर घालवली. 1910 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. निर्गुडीच्या तेलातले सॅबिनीन दहा कार्बनांचे, कॅरिओफायलीन पंधरांचे.

आता गंमत पाहा. जिरॅनिऑल आणि सिनिऑल, दोहोंत दहा कार्बन, अठरा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. पण एकाला गुलाबाचा वास, दुसऱ्याला निलगिरीचा! माणसे तीच, मांडणी निराळी; म्हणून काम निराळे.

खानदेशातल्या रोशा गवताचे तेल प्रसिद्ध आहे. फुलोऱ्यावर आलेले गवत कापून भट्टीत घालतात आणि वाफ सोडतात. जिरॅनिऑल एकटे असता सुमारे 230 अंशांना उकळते. वाफेच्या संगतीने मात्र 100 अंशांच्या आतच बाहेर पडते. शंभर किलो गवतातून तेल निघते ते साधारण अर्धा किलो, कधी त्याहूनही कमी.

या गवताच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. पण मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, म्हणून त्याला भाव जास्त. येथे माझा विषय सुरू होतो. कापणाऱ्याची मजुरी भाऱ्यावर ठरते, तेलाचा भाव आतल्या द्रव्यावर. आत काय आहे हे ज्याला कळते, तोच किंमत सांगतो. दुसऱ्याने ती मुकाट्याने घ्यायची काय? जेम्स आणि मार्टिन यांनी 1952 साली वायुवर्णलेखनाची रीत मांडली. तेलाच्या एका थेंबातले घटक तिने वेगळे मोजता येतात. तो आकडा कापणाऱ्यालाही वाचून दाखवला पाहिजे, ही मागणी अवास्तव नाही.

म्हणून कोणी कासवर पोती घेऊन जावे, असे मी म्हणत नाही. 2012 पासून ते पठार जागतिक वारशात आहे. तेथले फूल तेथेच राहू द्या. तेलासाठी झाड बांधावर लावता येते.

आणि 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती सांगितली आहे. गावच्या वनस्पती आणि त्यांचे लोकांना असलेले ज्ञान तिने नोंदवहीत लिहायचे आहे. आपल्या गावची ती वही कोठे आहे, तिच्यात निर्गुडी गोळा करणाऱ्या बाईचे सांगणे उतरले आहे काय, एवढे उद्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.